फोटोत माणूस कुठाय?

आमच्या घरी कच्छच्या सहलीचे ४१२ फोटो आहेत. त्यांतले २२ मेहुण्याने काढले आणि ३९० मी. मेहुण्याचे २२ फोटो आजवर सोसायटीच्या दोन मजल्यांनी, सौ.च्या भिशीने आणि एकदा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसानेसुद्धा उभ्याउभ्या पाहिले आहेत. माझे ३९० दाखवायला काढले की पाहुण्यांना आपण घरी गॅस चालू ठेवून आलो असल्याची आठवण होते.

कारण एकच. माझ्या फोटोंत माणूस नाही.

खडक आहेत. अळूवडीचा उंडा सुरीने कापल्यावर दिसतात तसे एकावर एक थर दाखवणारे तांबडे, पिवळे, राखी खडक आहेत. काटेरी झुडपे आहेत. एका फोटोत एक सरडा आहे, पण तो माझ्या नकळत आला. सहलीहून परतल्यावर मी हे सगळे मोठ्या हौसेने टीव्हीला जोडून आत्याला दाखवायला बसलो. दहाव्या फोटोला आत्याने विचारले, "अरे, ह्यात तू कुठायस?"

"मी फोटो काढतोय, आत्या."

"आणि ही?"

"ती हॉटेलवर होती."

"मग हे कोण?"

"हा वालुकाश्म आहे."

"अस्सं," आत्या म्हणाली. कुणी लांबचा नातेवाईक गेल्याचे कळल्यावर माणूस ज्या सुरात म्हणतो, त्या सुरात. मग ती म्हणाली, "एवढे भाड्याचे पैसे घालून गेलात, बघण्यासारखं काही नव्हतं का तिकडे?"

ह्या प्रश्नाविरुद्ध मी आज लेखणी उचलली आहे. आत्याविरुद्ध नव्हे, आत्याविरुद्ध लेखणी उचलण्याची आमच्या घराण्यात कुणाची छाती नाही. पण हा प्रश्न एकट्या आत्याचा नाही. तो तमाम मध्यमवर्गाचा आहे, आणि तो चुकीचा आहे.

आपल्याकडे निसर्गाला एकच नोकरी आहे. आपल्या मागे उभे राहायचे. माझ्या आईवडिलांचा लग्नानंतर स्टुडिओत काढलेला फोटो आहे. वडील खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे, आई खुर्चीत, आणि मागे पडद्यावर रंगवलेला डोंगर, त्याखाली तळे, तळ्यात मानेला इंग्रजी दोनच्या आकड्यासारखा बाक दिलेला राजहंस. तो डोंगर कुठला, असे पन्नास वर्षांत कुणीही विचारलेले नाही. खोटा डोंगर चालतो, कारण पुढे माणसे खरी आहेत. माझे डोंगर खरे आहेत, तर ते चालत नाहीत! आपण माथेरानला जातो, धापा टाकत एखाद्या पॉइंटवर पोहोचतो आणि पोहोचल्याबरोबर पॉइंटकडे पाठ करून उभे राहतो. जे बघायला आलो त्याकडे पाठ करून 'काढ रे' म्हणणारा प्राणी माणसाखेरीज दुसरा नसेल. माकडेसुद्धा दरीकडे तोंड करून बसतात. अर्थात आपल्या हातात वेफर्स नसतील तर.

कच्छला आम्ही २०१४ च्या डिसेंबरात गेलो, बँकेच्या प्रवास सवलतीवर. ठरलेला कार्यक्रम असा: पांढरे रण, त्यात पौर्णिमा, मांडवीचा किनारा, आणि तिथला विजय विलास राजवाडा, कारण १९९९ च्या 'हम दिल दे चुके सनम'चे चित्रीकरण तिथे झाले होते. मेहुण्याच्या २२ फोटोंपैकी ११ ह्या राजवाड्याचे आहेत, म्हणजे त्याच्या पुढे उभ्या असलेल्या आमचे आहेत. राजवाडा आमच्या डोक्यांच्या मधल्या फटींतून थोडाथोडा दिसतो. माझा कार्यक्रम वेगळा होता. भुजजवळ खारी नावाची नदी आहे. नदीत पाणी बेताचे, पण तिने वर्षानुवर्षे खडक कापत कापत एक घळ केली आहे. तिच्या भिंतींत सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीची वाळू थराथराने बसलेली दिसते. ती वाळू नद्यांनी आणून टाकलेली. काही थर आडवे, आणि दोन आडव्या थरांच्या मध्ये काही तिरप्या रेघा. त्या तिरप्या रेघा ज्या बाजूला उतरतात, त्या बाजूला तेव्हाचे पाणी वाहत होते. १२ कोटी वर्षांपूर्वीच्या पाण्याची दिशा! आमच्या इमारतीच्या गच्चीवरचे पाणी कुठल्या दिशेने उतरते ह्यावर गेली सहा वर्षे वाद चालू आहे.

मी कॉमर्सचा. भूगर्भशास्त्राशी माझा संबंध म्हणजे बँकेच्या तळघरातल्या जुन्या रेकॉर्डरूमइतकाच. पण हे शास्त्र मला चटकन पटले, ते ह्या रेकॉर्डरूममुळेच. निकोलस स्टेनो नावाच्या डेन्मार्कच्या माणसाने १६६९ साली असे लिहून ठेवले की थर उलथेपालथे झालेले नसतील, तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. हे वाचून मला वाटले, एवढ्यासाठी डेन्मार्क कशाला? आमच्या रेकॉर्डरूममध्ये गठ्ठ्यांचा हाच नियम आहे. सर्वांत खाली शाखेच्या उद्घाटनाचे वर्ष, वर गेल्या तिमाहीचे. मध्ये कुणीतरी लेजर उपसून भलत्याच जागी कोंबले असेल तर त्याला आम्ही 'ऑडिट' म्हणतो आणि ते लोक भूकंप म्हणतात. फरक इतकाच की आमच्या गठ्ठ्यांना वाळवी लागते आणि त्यांच्या गठ्ठ्यांत शंख सापडतात.

शंखांवरून आठवले. आज जिथे ओंजळभर पाण्यासाठी मैलभर चालावे लागते, त्या कच्छात १६ कोटी वर्षांपूर्वी समुद्र होता. त्या समुद्रातल्या एका थरात माशाच्या गाबोळीसारखे बारीक गोल दाणे आहेत आणि गुंडाळी केलेल्या शिंपल्यांचे, म्हणजे अमोनाइटांचे, ढीगच्या ढीग आहेत. देव्हाऱ्यातला शाळिग्राम फोडल्यावर आत जी चक्राकृती दिसते ती ह्याच जातकुळीतली. आपला शाळिग्राम गंडकीतून येतो, एवढेच. जगभरचे भूशास्त्रज्ञ कच्छचा हा थर ओळखतात. ढोसा नावाच्या गावावरून त्याला 'ढोसा ऊलाइट' म्हणतात. मी ही माहिती गाडीत मोठ्या उत्साहाने सांगितली. मेहुणा म्हणाला, "भावोजी, मसाला की साधा?" सगळी गाडी हसली. ड्रायव्हर मराठी येत नसताना हसला.

त्याच प्रवासात आम्ही माताना मढला आशापुरा देवीच्या दर्शनाला गेलो. दर्शन उत्तम झाले. पण ह्या मढच्या परिसरातल्या खडकांत जॅरोसाइट नावाचे पिवळट खनिज आहे. तेच खनिज २००४ साली अमेरिकेच्या 'ऑपॉर्च्युनिटी' यानाला मंगळावर सापडले, आणि मंगळ समजून घ्यायला शास्त्रज्ञ मढला येतात. मंगळावर जायला कोट्यवधी डॉलर लागतात. भुजहून मढला दोन तासांच्या आसपास लागतात. आमच्या गाडीतल्या सात जणांपैकी खाली उतरून तो दगड पाहणारा मी एकटा. बाकीच्यांचे म्हणणे, मंगळ पत्रिकेत आहे तेवढा पुरे.

आता फोटो काढण्याविषयी. थरांचा फोटो दुपारी बाराला काढता येत नाही. डोक्यावरच्या उन्हात खडक सपाट दिसतो, इस्त्री केल्यासारखा. सूर्य वर आल्यावर पहिला तासभर किंवा मावळण्यापूर्वीचा तासभर ऊन तिरपे पडते. मग प्रत्येक थराच्या कडेला बारीक सावली धरते आणि रेघ न् रेघ उठून दिसते. म्हणजे छायाचित्रकाराला हव्यात पहाटे सहा आणि संध्याकाळी सहा. पैकी पहाटे सहाला आमचे कुटुंब झोपलेले असते आणि संध्याकाळी सहा ही दाबेलीची वेळ आहे. १२ कोटी वर्षे एकीकडे आणि दाबेली एकीकडे, असा कौल घेतला तेव्हा माझी अनामत रक्कम जप्त झाली. मी एकटाच रिक्षाने गेलो.

झाडांचे तर त्याहून कठीण. वाळवंटी झुडपाचा फोटो उभ्याने काढला तर तो जमिनीचा फोटो होतो, मध्ये थोडा कचरा पडल्यासारखा. त्याच्या उंचीवर जावे लागते, म्हणजे पोटावर आडवे. मी असाच एका झुडपासमोर पालथा पडलो होतो. झुडूप म्हणजे काय, कमरेइतक्या उंचीच्या वेड्यावाकड्या फांद्या, टोकांना काटे, पानाचा पत्ता नाही आणि खोडावरून कागदासारखे पातळ पापुद्रे सुटलेले. ऊन त्या पापुद्र्यांतून आरपार येत होते. तेवढ्यात डोक्यावर सावली पडली. शेळ्या घेऊन चाललेला एक म्हातारा वाकून विचारत होता, "शुं खोवाई गयुं, भाई?"

काही हरवले नाही, फोटो काढतोय, म्हटले. कुणाचा, हे त्याने विचारले नाही. ह्या एका गोष्टीसाठी मी त्याला आजन्म मानीन. तो सरळ झुडपाकडे पाहून म्हणाला, "गूगळ."

गुग्गुळ! दर मंगळवारी आमच्या घरी ज्याची धुरी होते तो, आणि आत्याच्या उशाशी ज्याच्या गोळ्यांची डबी असते तो. मी आयुष्यभर त्याला पुडीत पाहिले होते. खोडावर चिरा पाडल्या की जो डिंक पाझरतो, तो गुग्गुळ. जास्त हव्यासाने जास्त चिरा पाडल्या की झाड मरते. तसे मरता मरता आज ही जात आंतरराष्ट्रीय लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदली गेली आहे. म्हणजे मी ज्याच्या समोर पालथा पडलो होतो, त्याच्या समोर खरे तर तसेच पडायला हवे.

मग म्हाताऱ्याने मला अर्धा तास फिरवले. बिनपानांचा, हिरव्या काड्यांचा केरडो, ज्याला आपल्याकडे नेपती म्हणतात. त्याच्या फळांचे लोणचे. पीलू, ज्याच्या काड्यांनी दात घासतात. थोर, ज्याला आमची गाडी चार दिवस 'कॅक्टस, कॅक्टस' म्हणून टाळ्या पिटत होती. तो कॅक्टस नव्हेच. एक अपवाद सोडला तर कॅक्टस तेवढे सगळे मूळ अमेरिकेचे. आपल्याकडचा फड्या निवडुंगसुद्धा तिकडचाच. इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस लाल रंगाचे किडे पाळण्यासाठी त्याची लागवड केली. थोराला मोडले की पांढरा चीक येतो, कॅक्टसला सहसा तसा येत नाही. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, हे म्हाताऱ्याने स्वतःचा डोळा घट्ट मिटून समजावले. शेवटी त्याने दूरवर पसरलेल्या हिरव्यागार काटेरी रानाकडे बोट केले आणि कपाळाजवळ बोट गोल फिरवले. "गांडो बावळ." वेडी बाभूळ! १९६०-६१ च्या सुमारास रण पुढे सरकू नये म्हणून बन्नीच्या गवताळ रानात ही मुद्दाम लावली. मूळची दक्षिण आणि मध्य अमेरिकेची. गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी पसरले, आणि रण अडवायला आलेल्या पाहुणीने गवतच गिळले. आता लोक तिचा कोळसा करतात. ओसाड जागा हिरवी केली म्हणून ज्यांनी पाठ थोपटून घेतली असेल, त्यांना ती जागा मुळात ओसाड नव्हती हे सांगायला असा एखादा म्हातारा भेटला नसावा.

माझे खरे भांडण इथे आहे. आत्या म्हणते, बघण्यासारखे काही नाही. हेच वाक्य सरकारी भाषेत लिहिले की त्याला शिक्का बसतो. शेतीकर्जाच्या टेबलावर मी तीन वर्षे काढली आहेत. सातबाऱ्यावर एक शब्द असतो, 'पोटखराबा'. शेतातला खडक, ओघळ, झुडपे, जिथे नांगर चालत नाही तेवढी जमीन पोटखराबा. किती नेमका शब्द! जमिनीचे पोट बिघडले आहे, कारण ती आपले पोट भरत नाही. केंद्र सरकारने 'वेस्टलँड्स ॲटलास' नावाचा नकाशांचा ग्रंथच काढला आहे. २०१९ ची त्याची आवृत्ती पाहा. त्यात देशातल्या वाया गेलेल्या जमिनींचे प्रकार दिले आहेत. खडकाळ उघडी जमीन, हा एक प्रकार. वाळवंटी वाळू, हा एक प्रकार. झुडपांची जमीन, हा एक प्रकार. मी तो तक्ता वाचला आणि खाली बसलो. माझ्या ३९० फोटोंची ती विषयवार सूचीच होती!

बँकेत एखाद्या खात्यावर बरीच वर्षे व्यवहार झाला नाही की आम्ही ते 'निष्क्रिय' म्हणून वेगळे काढतो. पण त्यातली शिल्लक शून्य आहे असे कुणी म्हणत नाही. म्हटले तर आम्हाला तुरुंगात टाकतील. खडकाच्या बाबतीत मात्र १६ कोटी वर्षांचा जमाखर्च समोर उघडा असताना आपण खुशाल 'निल' लिहून मोकळे होतो. आणि एकदा 'निल' लिहिले की तिथे काहीही करता येते. खाण काढता येते, भराव टाकता येतो, परदेशी बाभूळ लावता येते; कुणाचेच काही बिघडत नाही, कारण तिथे 'काही नव्हतेच'.

म्हणून रिकाम्या जागेचे फोटो काढायचे. हा माझा छंद नव्हे, हरकत नोंदवणे आहे. ॲन्सेल ॲडम्स नावाचा अमेरिकन छायाचित्रकार जन्मभर डोंगर, खडक आणि झाडे टिपत राहिला. १९३८ साली त्याचे सिएरा नेवाडाच्या फोटोंचे पुस्तक निघाले, ते वॉशिंग्टनला पोहोचले, आणि १९४० साली किंग्ज कॅनियनचे राष्ट्रीय उद्यान झाले, त्यात त्या फोटोंचा वाटा मानतात. त्याला त्याच्या आत्याने काय विचारले असेल, त्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

आमच्याकडे खडकाला मान मिळायला परदेशी पेपर लागतो. २०२१ साली न्यूयॉर्कच्या एका बड्या दैनिकाच्या स्थळांच्या यादीत कच्छच्या कडिया ध्रोचे नाव आले. तोही थराथराचा रंगीत खडक, पाण्याने कोरलेला. सकाळी सातला मेहुण्याचा फोन. "भावोजी, कच्छमध्ये म्हणे काहीतरी खडक आहेत, बघितले होते का तुम्ही?" मी फोन सौ.कडे दिला.

२०२२ च्या जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. ह्या वेळी सकाळी सहाला मेहुणाही उठला. खारीच्या घळीत उतरलो आणि मी माझ्या भिंतीपाशी, म्हणजे सात वर्षांपूर्वी जिचे साठ फोटो काढले त्या भिंतीपाशी, गेलो. तिरप्या रेघांच्या बरोबर मधोमध एक हातभर रुंदीचा बदाम कोरलेला होता. बदामातून बाण गेलेला. बाणाच्या दोन टोकांना दोन नावे. सात वर्षांपूर्वी तिथे तो नव्हता, त्याचा पुरावा माझ्याकडे होता. नावे वाचताना मला राग यायला हवा होता. आधी भलतेच वाटले: ही दोघे तरी अजून एकत्र असतील का? मग राग आला. वालुकाश्म मऊ असतो, किल्लीनेही ओरखडतो. १२ कोटी वर्षांत त्या पानावर कुणी काही लिहिले नव्हते, आणि ह्यांना पंधरा मिनिटे लागली असतील. फोटोत माणूस नाही म्हणून जे ओरडतात, ते शेवटी हेच करतात. माणूस खडकातच घालून ठेवतात, म्हणजे पुन्हा कुणाला बिनमाणसाचा फोटो काढायलाच नको.

"दगडच तर आहे, भावोजी," मेहुणा हळूच म्हणाला. पण ह्या वेळी त्याच्या आवाजात जोर नव्हता.

मी खिशातून दहा रुपयांचे नाणे काढून खडकाच्या खोबणीत ठेवले. भूशास्त्रातली ती रीत आहे. फोटोत हातोडी, पेन किंवा नाणे ठेवायचे, म्हणजे खडक केवढा ते कळते. त्याशिवाय थर हातभर आहे की ताडमाड, सांगता येत नाही. सौ. बघत होती. म्हणाली, "अहो, एवढ्या मोठ्या भिंतीला एवढंसं नाणं? कोणाला दिसणार ते?"

"प्रमाणासाठी असतं."

"मग मी उभी राहते की. दहा रुपयांपेक्षा बरी."

ह्यावर कॉमर्सच्या पदवीधराजवळ उत्तर नव्हते. मला तो म्हातारा आठवला. तो गुग्गुळाच्या पुढे उभा राहिला नव्हता, शेजारी उभा राहिला होता. मी त्याचाही एक फोटो काढला होता आणि ३९० मध्ये धरला नव्हता. चोरून ठेवला होता. मी सौ.ला म्हटले, "ठीक आहे. फक्त मध्ये नको, बाजूला."

ती चालत गेली, भिंतीकडे नीट पाहिले, आणि मी नको म्हटलेल्या जागीच, बरोबर मधोमध, खडकाला पाठ लावून उभी राहिली. बदाम तिच्या पाठीमागे गेला. दोन्ही नावेसुद्धा. "आता काढा," म्हणाली.

सौ.ची उंची पाच फूट एक इंच. त्या हिशेबाने ती भिंत साडेपाच सौ. उंच भरते. फोटोत खाली मध्यावर ती अंगठ्याएवढी दिसते, आणि तिच्या वर, दोन्ही बाजूंनी, सकाळच्या उन्हात रेघ न् रेघ उठलेली.

घरी आल्यावर आत्याला दाखवला. तिने चष्मा पुसला, टीव्हीजवळ खुर्ची ओढून घेतली.

"ही होय! केवढीशी दिसतेय," ती म्हणाली. मग बराच वेळ बघत राहिली. "आणि मागे ते एवढं काय आहे रे?"